अल्टरनेटरची पुली आणि पट्टा : आधी माप, मग पान्हा

आपल्या बिरादरीतील कितीतरी कुटुंबांची रोजी चाकांवर चालते. कुणाचा मालवाहू टेम्पो आहे, कुणाचे गॅरेज आहे, कुणाचे नाना पेठेत सुट्या भागांचे दुकान आहे. आमच्यासारख्या कापडवाल्यांचा गाडीशी संबंध फक्त भाड्यापुरता, असे पुष्कळांना वाटते. परंतु इचलकरंजीचा किंवा मालेगावचा माल ईदच्या आधी पुण्यात पोहोचला नाही, तर नुकसान गाडीवाल्याचे कमी आणि कापडवाल्याचे जास्त होते. म्हणून आज कापडाचा भाव बाजूला ठेवून गाडीतील एका लहानशा भागाविषयी लिहीत आहे. हा भाग म्हणजे अल्टरनेटरची पुली व तिच्यावरून फिरणारा पट्टा, ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो.

अल्टरनेटर जळाला की आपण दुसरा आणतो. तो नवा असतो किंवा दुरुस्त केलेला जुना असतो. ब्रॅकेटवर बसला, बोल्ट लागले, की काम झाले असे समजतो. त्याच्या तोंडावरची पुली पहिल्या पुलीएवढीच आहे काय, हे फार थोडे लोक मोजून पाहतात. पुढचे अर्धे रोग येथूनच सुरू होतात. मी हा धडा पैसे मोजून शिकलो आहे, तो आधी सांगतो.

एका पुलीची गोष्ट

१९९७ सालचा रमजान जानेवारीत आला होता. त्या वेळी मी अब्बांच्या हाताखाली दुकानात बसत असे. माल आणण्यासाठी घरची मॅटाडोर होती. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची ही गाडी तेव्हा पुण्याच्या प्रत्येक पेठेत दिसे. याच कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. आमच्या गाडीचा अल्टरनेटर जळाला. शहरातील एका गॅरेजमध्ये दुरुस्त केलेला दुसरा अल्टरनेटर बसवून घेतला. गॅरेजचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो मेकॅनिक बेईमान नव्हता, घाईत होता. जुना पट्टा बसेना, तेव्हा त्याने टॉमी लावून तो पुलीच्या काठावरून रेटला. रेस देऊन दिवा विझला हे दाखवले आणि गाडी दिली.

आठ दिवस गाडी शहरातच फिरली. रविवार पेठेत माल चढवायचा, उतरवायचा, गर्दीत उभे राहायचे. सकाळी स्टार्टर जड फिरू लागला. आम्ही बॅटरीला दोष दिला. पुढून बारीक घरघर येई, त्याकडे दुर्लक्ष केले. नवव्या रात्री इचलकरंजीहून भरलेली गाडी घेऊन निघालो. कराड, सातारा ओलांडले आणि खंबाटकीच्या चढणीला पुढून जळक्या रबराचा वास आला. अल्टरनेटरचे बेअरिंग जाम झाले होते. पट्टा घासून तुटला. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंखा होता, त्यामुळे इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर गेला. बॅटरी आधीच अर्धी रिकामी होती, म्हणून दिवेही पिवळे पडले. घाटात, अंधारात, मालाच्या गाठी घेऊन आम्ही पहाटेपर्यंत उभे होतो. माल दोन दिवस उशिरा दुकानात आला. रमजानच्या शेवटच्या दिवसांत दोन दिवस म्हणजे काय, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

नंतर नाना पेठेतील एका बुजुर्ग उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी पान्हा हातात घेतलाच नाही. खिशातून खडू काढला, क्रँकच्या पुलीवर एक रेघ मारली, अल्टरनेटरच्या पुलीवर एक रेघ मारली. तात्पुरता पट्टा लावून हाताने इंजिन एक फेरी फिरवले आणि अल्टरनेटरच्या फेऱ्या मोजल्या. मग म्हणाले, "बेटा, तुमच्या गाडीला सव्वादोन फेऱ्यांहून जास्त पाहिजेत. येथे पावणेदोनसुद्धा होत नाहीत. पुली दुसऱ्या गाडीची आहे. बॅटरी, बेअरिंग, पट्टा, सगळ्यांचा खून हिनेच केला."

त्यांनी पुली बदलली, पहिल्याच मापाचा नवा पट्टा घातला, आणि काम अर्ध्या तासात झाले. बॅटरी मरणे आणि बेअरिंग जळणे हे दोन वेगळे रोग दिसत होते, पण मूळ एकच होते. ते कसे, हे आता हिशेबाने पाहू.

पुली वेग ठरवते

क्रँकची पुली मोठी असते, अल्टरनेटरची लहान. मोठी एकदा फिरली की लहान दोन-तीनदा फिरते. किती वेळा, हे काढण्यासाठी मोठ्या पुलीच्या व्यासाला लहान पुलीच्या व्यासाने भागावे. आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंना हा हिशेब नवा नाही. मागाचे पिक वाढवायचे असले की ते मोटरीची पुली बदलतात. मोटरीवर मोठी पुली लावली की माग जलद चालतो. येथे उलट आहे. इंजिन हे चालवणारे आणि अल्टरनेटर हा चालणारा, म्हणून अल्टरनेटरवर मोठी पुली लावली की तो मंद होतो.

समजा क्रँकची पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ६५ मिलिमीटर आहे. १५० भागिले ६५ म्हणजे सुमारे २.३. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्या घेत असेल, तर अल्टरनेटर सुमारे १६०० फेऱ्या घेईल. आता ६५ च्या जागी ९० मिलिमीटरची पुली आली. १५० भागिले ९० म्हणजे १.६७. त्याच ७०० फेऱ्यांवर अल्टरनेटर फक्त ११७० च्या आसपास फिरेल.

हा फरक लहान वाटतो, पण तो फार मोक्याच्या ठिकाणी पडतो. साधारण अल्टरनेटर मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान कुठेतरी वीज देऊ लागतो. त्याच्या पाटीवर लिहिलेले पूर्ण अँपिअर तो सुमारे ६००० फेऱ्यांना देतो. म्हणजे १६०० फेऱ्यांवर थोडी तरी वीज बॅटरीला मिळते, ११७० वर जवळजवळ काहीच मिळत नाही. गाडी हमरस्त्यावर २५०० फेऱ्यांनी पळत असेल, तर लहान पुलीवर अल्टरनेटर ५७०० च्या पुढे आणि मोठीवर ४१०० च्या पुढे जातो. दोन्ही वेळी बॅटरी भरते. म्हणूनच गॅरेजमध्ये रेस देऊन पाहिले तर सर्व ठीक दिसते, आणि लक्ष्मी रस्त्याच्या किंवा स्वारगेटच्या गर्दीत बॅटरी हळूहळू रिकामी होते.

हाच प्रकार जुन्या गाड्यांत डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना पुष्कळ झाला. डायनामोच्या फिरत्या भागात तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर ब्रश असत. त्याला फार वेग सोसत नसे, म्हणून त्याची पुली मोठी असे. १९६० मध्ये अमेरिकेत क्रायसलर कंपनीने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर आणला, आणि पुढे जगभर डायनामोची जागा त्याने घेतली. अल्टरनेटर जास्त वेग सोसतो, म्हणून त्याला लहान पुली चालते. परंतु पुष्कळांनी जुन्या डायनामोची पुली काढून नव्या अल्टरनेटरवर चढवली, आणि "डायनामोच बरा होता" असा शेरा मारला. दोष अल्टरनेटरचा नव्हता.

फार लहान पुलीही चालत नाही

यावर कुणी म्हणेल, मग ५० मिलिमीटरची पुली लावू, वीज भरपूर मिळेल. हे दुसरे टोक झाले. १५० भागिले ५० म्हणजे ३ पट. डिझेल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत गेले तर अल्टरनेटर १२,००० वर जाईल, ते बहुधा निभेल. पण पेट्रोल इंजिन ६००० वर गेले तर अल्टरनेटर १८,००० वर पोहोचेल. बहुतेक अल्टरनेटरची सोसण्याची हद्द याच्या आत किंवा आसपास संपते. बेअरिंग आणि आतील तारांचे वेढे टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट, लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी पडते. जेवढा भाग पुलीला चिकटून असतो, तेवढीच पकड असते. शिवाय जाड रबराचा पट्टा फार लहान गोलावर वाकवला की लवकर तडकतो. अल्टरनेटरला फिरवण्यास ताकदही कमी लागत नाही. ५५ अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला ७७० वॅट देतो. आतील तूट धरली तर पट्ट्यावर पूर्ण भाराच्या वेळी दोन अश्वशक्तीच्या जवळपास ओझे येते. साध्या यंत्रमागाच्या एक अश्वशक्तीच्या मोटरीशी तुलना केली म्हणजे अंदाज येईल.

उसूल असा आहे की, कंपनीने दिलेलेच माप कायम ठेवावे. ते माहीत नसेल तर क्रँकच्या एका फेरीला अल्टरनेटरच्या दोन ते तीन फेऱ्या याच हद्दीत राहावे. मोठ्या वेगाच्या पेट्रोल गाडीला कमीकडे झुकावे, मंद चालणाऱ्या डिझेलला जास्तीकडे. खडूची रेघ मारून मोजण्याची उस्तादांची युक्ती कुणालाही जमते. त्या वेळी पट्टा घट्ट हवा, इंजिन बंद हवे, गाडी न्यूट्रलमध्ये हवी, आणि बॅटरीची वायर काढलेली हवी.

पट्ट्याची लांबी पुलीवरून निघते

आता पट्ट्याकडे येऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून पाण्याचा पंप क्षणभर विसरून दोनच पुल्या आहेत असे धरू. पट्ट्याची लांबी तीन तुकड्यांची बेरीज असते.

पहिला तुकडा : दोन पुल्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, त्याची दुप्पट.

दुसरा तुकडा : दोन्ही व्यासांची बेरीज, गुणिले १.५७. हा आकडा म्हणजे शाळेत शिकलेल्या बावीस सप्तमांशाचा अर्धा भाग, कारण पट्टा प्रत्येक पुलीला साधारण अर्धा वेढा घालतो.

तिसरा तुकडा : दोन व्यासांची वजाबाकी करून तिचा वर्ग करावा, आणि त्याला मध्यांतराच्या चौपटीने भागावे. हा तुकडा लहान असतो, पण सोडू नये.

उदाहरण घेऊ. मध्यांतर २५० मिलिमीटर, पुल्या १५० आणि ६५. पहिला तुकडा ५००. दुसरा २१५ गुणिले १.५७ म्हणजे ३३८. तिसरा ८५ चा वर्ग ७२२५ भागिले १००० म्हणजे ७. एकूण ८४५ मिलिमीटर.

आता ६५ ऐवजी ९० ची पुली. पहिला तुकडा ५००. दुसरा २४० गुणिले १.५७ म्हणजे ३७७. तिसरा ६० चा वर्ग ३६०० भागिले १००० म्हणजे साधारण ४. एकूण ८८१ मिलिमीटर.

फरक सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा. जुना ८४५ चा पट्टा या मोठ्या पुलीवर घालायचा तर अल्टरनेटर सुमारे १८ मिलिमीटर आत ढकलावा लागेल. ब्रॅकेटच्या खाचेत तेवढी जागा नसली, की मेकॅनिक टॉमी काढतो. आमच्या गाडीत हेच झाले. मोठ्या पुलीने एकीकडे वेग मारला, आणि दुसरीकडे पट्टा आखूड पाडून बेअरिंगवर न सोसणारा ताण दिला. दोन्ही नुकसाने एकाच मापातून आली, ती अशी.

व्यास कुठे मोजावा, हेही महत्त्वाचे आहे. पट्टा पुलीच्या खाचेत बसवावा आणि पट्ट्याच्या पाठीवरून पाठीपर्यंत व्यास घ्यावा. असे मोजले तर हिशेबातून निघणारी लांबी ही पट्ट्याची बाहेरची लांबी असते. नुसत्या पुलीचा काठ मोजला तर थोडा फरक पडतो.

तीन पुल्या असतील तर सुतळी

पुष्कळ गाड्यांत एकाच पट्ट्यावर क्रँक, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असे तिघे असतात. तेथे वरचा हिशेब लागू पडत नाही. अशा वेळी न ताणली जाणारी दोरी घ्यावी. रबरी किंवा नायलॉनची घेऊ नये, ती ताणली जाते. कापडवाला म्हणून सांगतो, ताणून मोजलेले माप कधीच खरे नसते. जुन्या पट्ट्याचा तुकडा प्रत्येक पुलीच्या खाचेत ठेवून त्याच्या पाठीवरून दोरी फिरवली तर बाहेरची लांबी नेमकी मिळते.

दोरी लावण्यापूर्वी अल्टरनेटर कुठे ठेवावा? खाचेच्या आतल्या टोकाला नाही आणि बाहेरच्या टोकालाही नाही. आतल्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर ठेवावा. म्हणजे पट्टा चढवताना अल्टरनेटर आत ढकलण्यास जागा राहते, आणि पुढे पट्टा वाढला तर बाहेर ओढण्यास जास्त जागा राहते. योग्य लांबीचा पट्टा हाताने चढतो. टॉमी लावावी लागली तर समजावे की पट्टा आखूड आहे किंवा पुली मोठी आहे. काठावरून रेटलेल्या पट्ट्याच्या आतील दोरे तुटतात. वरून तो नवा दिसतो, पण आयुष्य संपलेले असते.

पुलीचा व्यास थोडासा बदलला तर किती फरक पडेल, याचा सोपा अंदाज असा : दर १० मिलिमीटर व्यासाला पट्टा साधारण १० ते १५ मिलिमीटर वाढतो किंवा घटतो. वेढा कमी असेल तर १० च्या जवळ, जास्त असेल तर १५ च्या जवळ.

दुकानात आकडा वाचताना

नाना पेठेत पट्टा मागताना आणि विकताना येथेच घोटाळा होतो. पट्ट्यावर तीन प्रकारचे आकडे असतात.

कारखान्यातील, चक्कीतील, मागाच्या मोटरीवरील पट्ट्यांवर ए-३५, बी-४० असे छापलेले असते. अक्षर रुंदी सांगते. ए म्हणजे वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, बी म्हणजे १७ रुंद आणि ११ जाड. पुढील आकडा हा आतील लांबी इंचात सांगतो.

मोटारीच्या व्ही पट्ट्यावर १० × ९०० किंवा १३ × ९०० असे असते. पहिला आकडा रुंदी, दुसरा लांबी मिलिमीटरमध्ये, आणि ही लांबी सहसा बाहेरची असते.

नव्या गाड्यांतील चपट्या, उभ्या रेघांच्या पट्ट्यावर ६ पीके १०५० असे असते. ६ म्हणजे सहा रेघा, पीके हा रेघांचा प्रकार, १०५० ही मिलिमीटरमधील लांबी. चार रेघांच्या पुलीवर सहा रेघांचा पट्टा घालू नये.

आता घोटाळा पाहा. गिऱ्हाईक १३ × ९०० मागतो. तो नसतो. दुकानदार हिशेब करतो, ३५ इंच म्हणजे ८८९ मिलिमीटर, ९०० च्या जवळच आहे, आणि ए-३५ देतो. पण ८८९ ही आतील लांबी आहे. ए पट्ट्याची बाहेरची लांबी आतील लांबीपेक्षा सुमारे ५० मिलिमीटर जास्त असते. म्हणजे हा पट्टा बाहेरून ९३९ चा झाला, जवळजवळ चार सेंटिमीटर मोठा. अल्टरनेटर खाचेच्या टोकापर्यंत ओढला तरी तो सैल राहील, चिरकेल, आणि गिऱ्हाईक दुकानदाराला नाव ठेवील. आपले जे बंधू पट्टे विकतात त्यांनी काउंटरवर एक टेप आणि आतील-बाहेरील लांबीचा तक्ता ठेवावा. दोन मिनिटे लागतात, पण गिऱ्हाईक परत येते ते भांडायला नव्हे, दुसरा माल घ्यायला.

खाच आणि सरळ रेघ

व्ही पट्टा तळाने नव्हे, दोन्ही बाजूंनी पकडतो. पाचरीसारखा तो खाचेत रुततो. म्हणून पट्ट्याचा तळ खाचेच्या तळाला लागता कामा नये. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकतो आहे असे समजावे. अशा वेळी पट्टा अरुंद आहे किंवा पुली झिजली आहे. झिजलेल्या पुलीवर कितीही ताण दिला तरी पट्टा घसरणारच. ताण वाढवून पकड येत नाही, फक्त बेअरिंग मरते.

दुसऱ्या गाडीचा अल्टरनेटर बसवला असेल तर पुल्या एका रेषेत आहेत काय तेही पाहावे. क्रँकच्या पुलीच्या तोंडावर सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरावा. तो दोन्ही पुल्यांच्या तोंडाला सारखा लागला पाहिजे. पुल्यांचे काठ कमी-जास्त जाडीचे असतील तर खाचेच्या मध्यावरून पाहावे. फरक असेल तर ब्रॅकेटखाली वॉशर देऊन तो काढावा. वाकड्या रेषेतील पट्टा एका बाजूने झिजतो आणि काळी भुकटी टाकतो.

ताण किती

पट्टा लागल्यावर, इंजिन बंद ठेवून, सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोर द्यावा. साध्या व्ही पट्ट्याला सुमारे १० किलोच्या जोराला १० ते १२ मिलिमीटर लवणे बरोबर. जास्त लवला तर सैल, न लवला तर घट्ट. नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांत खाचेत बसतो आणि थोडा सैलावतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, पुन्हा ताण पाहावा. काही दिवसांनी एकदा आणखी पाहावा.

ज्या नव्या गाड्यांत स्प्रिंगचा आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो, तेथे हा अंगठ्याचा नियम लागू नाही. तेथे कंपनीच्या लांबीचाच पट्टा घालावा, कारण लांबी चुकली तर टेन्शनर आपल्या हद्दीबाहेर जातो. काही नव्या अल्टरनेटरच्या पुलीच्या आत एकाच दिशेने पकडणारी रचना असते. तिच्या जागी साधी पुली बसवू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर हा पट्टाच नाही. तरीही रस्त्यावरचे जुने टेम्पो, ट्रॅक्टर आणि लग्नकार्यात भाड्याने जाणारे डिझेल जनरेटर यांचे काम अजून पुष्कळ वर्षे या पट्ट्यावरच चालेल.

शेवटची तपासणी

काम झाल्यावर मल्टिमीटरने बॅटरी तपासावी. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. जुन्या पद्धतीच्या साध्या अल्टरनेटरवर गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावे. मग हेडलाइट लावून, रेस न देता पाहावे. येथेच खरी परीक्षा आहे. रेस दिल्यावर आकडा ठीक आणि उभ्या गाडीत १२.६ च्या खाली जात असेल, तर आधी पट्टा घसरतो काय ते पाहावे. चिरक, काळी भुकटी, गरम पुली या त्याच्या खुणा आहेत. त्या नसतील तर पुली मोजावी. त्यानंतरच बॅटरीला दोष द्यावा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. डायनामोच्या काळात चालू गाडीत बॅटरीची वायर काढून पाहण्याची सवय होती. अल्टरनेटरवर असे कधीही करू नये, त्याचे डायोड जळतात. आणि चालू पट्ट्याजवळ सैल बाहीचा कुर्ता, रुमाल, अंगठी घालून हात नेऊ नये. पट्टा कुणाची ओळख ठेवत नाही.

वहीचे मोल

नाना पेठेतील त्या उस्तादांकडे एक फाटकी वही होती. तिच्यात ज्या गाडीचे काम केले तिचे नाव, क्रँक पुलीचा व्यास, अल्टरनेटर पुलीचा व्यास, पट्ट्याचा आकडा, एवढीच नोंद असे. शाळा फार शिकलेले नव्हते, पण हातात गाडी आली की वही उघडत. गिऱ्हाईक त्यांच्याकडे लांबून येई, कारण त्यांच्या हातचे काम घाटात सोडून जात नसे. आज आपली मुले औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे दोन वर्षांचे शिक्षण घेऊ शकतात. तेथे जे शिकतील त्याला या वहीची जोड दिली, तर त्यांच्या कामाला तोड राहणार नाही.

माप पुरे भरून द्यावे, ही आपल्या दीनची व्यापाऱ्याला सक्त ताकीद आहे. आपण ती तराजू आणि गजापुरती समजतो. मला वाटते, कारागिराच्या टेपलाही ती तितकीच लागू आहे. न मोजता बसवलेली पुली हेही कमी भरलेले मापच आहे. त्याची किंमत रात्री घाटात उभा राहिलेला ड्रायव्हर देतो. तेव्हा अल्टरनेटर बदलताना क्रम लक्षात ठेवावा : आधी पुली मोजा, मग पट्टा ठरवा, मग ताण द्या. आणि पट्टा हाताने चढत नसेल, तर टॉमी खाली ठेवून टेप उचला.